शालन, पाणी अजून पिवळं येतंय

शालन, टाकीतलं पाणी नळीत अजून पिवळं येतंय. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर चपला काढायच्या आत हेच विचारलं असतंस, "रंग कसा आला?" सुभेदार, आपलं ते पाण्यातलं जनावर, सध्या टाकीत नाही. त्याला घमेल्यात काढून ठेवलंय. काल त्यानं गांडुळं खाल्ली. त्याची काळजी करू नकोस. बाकीचं जे आहे ते ऐकायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच सांगत बसलेय.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, तुझ्या वर्गातल्या मुली रडल्या. मला इतर प्राध्यापकांबरोबर दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. सभा संपली, लोक एकमेकांशी बोलत बाहेर पडले, आणि मी रसायनशाळेत जाऊन धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुतल्या. मागं वाईला माझे एक दूरचे चुलते वारले. त्यांचा चेहराही मला आठवत नाही. पण आईनं निरोप धाडून मला त्यांचं सुतक पाळायला लावलं होतं. तुझं मला काही लागत नाही. कुणी समाचाराला येत नाही, कारण यायचं कुणाकडे? मी तुझी कोण, त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, मैत्रीण. मंडईत भाजीला बरोबर येते तीही मैत्रीणच असते.

या खोल्यांत आपण राहायला आलो ते हौसेनं नव्हे. लग्न न झालेल्या, नोकरी करणाऱ्या दोन बायकांना सांगलीत जागा मिळेना म्हणून. तू आष्ट्याकडच्या ऊसवाल्या घरातली, मी वाईच्या घाटावरच्या भिक्षुकाची मुलगी. तू प्राणिशास्त्र शिकवायचीस, मी रसायन. स्टाफरूममध्ये तोवर आपण एकमेकींना नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो. घरमालकीण माईंनी अटी सांगितल्या, "पुरुषमाणसं यायची नाहीत. आणि मांसमच्छी वर न्यायची नाही." मी लगेच मान डोलावली. तू म्हणालीस, "पुरुष येतील माई, माझे वडील. मांसमच्छी मी बाहेर खाईन, आणि खाऊन आले की तुम्हाला सांगेन." माई तुझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. मला वाटतं, जागा त्या हसण्यामुळं मिळाली.

मला तू विजया कधी म्हणालीच नाहीस. "वाईकर" म्हणायचीस, माझं आडनाव ते नसताना. कॉलेजात तुझं मराठी छापल्यासारखं शुद्ध, आणि खोलीवर आलं की लुगड्याचा पदर खोचून, "वाईकर, लय भूक लागलीय, काय हाय?"

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, त्या उन्हाळ्यात तू पुण्याला प्रशिक्षणाला गेलीस. परत आलीस ती दुधाची किटली मांडीवर धरून. किटलीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. एसटीतून सबंध वाटेत तू ती खाली ठेवली नव्हतीस. मी हात पुढं केला तर म्हणालीस, "हळू. आत पोर हाय."

मी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरले. पांढुरकं, वितीएवढं, चार पाय, चपटी शेपटी, रुंद तोंड. आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखं काहीतरी हलत होतं.

"पाल आहे?"

"पाल न्हाई. ॲक्सोलॉटल. मेक्सिकोतल्या तळ्यातलं. बेडकाच्या नात्यातलं, पण मोठं झालं तरी पाणी सोडत न्हाई. ते पिसासारखे दिसतात ते कल्ले. श्वास घेतंय त्यानं."

तिथल्या प्रयोगशाळेत प्रयोग संपल्यावर उरलेली जनावरं मारून टाकणार होते. तू एक मागून घेतलंस. आजोळ शिराळ्याचं, लहानपणी नागांच्या पेटाऱ्यांजवळ खेळलेली तू, तुला त्याची किळस येण्याचा प्रश्नच नव्हता. ते कल्ले बघून तू म्हणालीस, "आमच्या आण्णांच्या गलमिशा अशाच आहेत." तुझे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. तेव्हापासून तो सुभेदार.

टाकी तू काचवाल्याकडून करून घेतलीस, लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि लांबीनं, म्हणजे काचेच्या लुकणानं, बसवलेल्या काचा. खाली धुऊन लख्ख केलेले खडे, वर नळाचं ताजं पाणी. त्याच दिवशी सुभेदार आत. आपण दोघी पाटावर बसून त्याला बघत होतो. इतकं छान दिसत होतं ते सगळं. त्याला चारायचं काय, यावरून माईंशी बोलणी झाली. कलेजी नाहीच. गांडुळाबद्दल त्या विचारात पडल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अंगणात सापडतं ते मातीतलंच म्हणायचं. पण माझ्यासमोर नको."

आठवडाभरात पाणी दुधाळ झालं. सुभेदार खाईना. शेपटीचं टोक आकडीसारखं वळलं, कल्ले पुढं वाकून आखडले, आणि तो सारखा वर येऊन हवा गिळायला लागला. तू म्हणालीस, गांडूळ बाधलं. मी म्हटलं, पाणी बिघडलंय. तू म्हणालीस, "पाणी कालच बदललंय." मी बाटलीत थोडं पाणी भरलं आणि कॉलेजात नेलं. नेसलरच्या द्रावणाचे थेंब टाकले तशी नळी पिवळी नव्हे, विटकरी झाली. तू दारात उभी होतीस. मी नळी उजेडात धरून दाखवली.

"अमोनिया," मी म्हटलं. "थोडा असता तर पिवळं आलं असतं. तो स्वतःच्या मुतात पोहतोय."

तू नळी माझ्या हातातून घेतलीस. मग म्हणालीस, "मी त्याला मरणातनं काढून आणलं, आणि इथं आणून मारतेय."

त्या दिवशी त्याला माईंच्या जुन्या पांढऱ्या घमेल्यात काढलं. रोज सगळं पाणी बदलायचं. आदल्या दिवशी रांजणात भरून ठेवलेलं, क्लोरिन मारायला चिमटीभर हायपो टाकलेलं. माई तांब्याचं घंगाळ देत होत्या, मी नको म्हटलं. तांबं त्याला विष. वर ओलं गोणपाट, कारण सांगलीच्या उकाड्यात ते जनावर शिजलं असतं. आणि टाकी तशीच, जनावराविना, पण चालू ठेवायची.

ते तुला पटत नव्हतं. "रिकामी टाकी कशाला?" मी तुला तुझ्याच शेतातलं उदाहरण दिलं. उसाला अमोनियाचं सल्फेट टाकता, ते तसंच मुळांना जातं का? मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्रेट. टाकीतही तेच व्हायला हवं. नायट्रेट थोडंफार असलं तरी त्याला चालतं, पहिली दोन मात्र विषच. हे जिवाणू खड्यांवर राहतात, ते पोसायला हवेत, त्यांना खायला अमोनिया हवा, आणि त्यांना वेळ लागतो. मग मी कल्हईवाल्याकडून नवसागराचा खडा आणला. नवसागर म्हणजे अमोनियाचंच मीठ. भांड्याला कल्हई लावताना तो चुरचुरतो, धूर निघतो, तोच. तो बारीक करून चिमूटभर टाकीत टाकला, तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात.

पण मडक्याची युक्ती तुझी. माईंच्या देवघरात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली, थेंब थेंब पाणी पडतं ती. तू ती बघत उभी राहिलीस आणि धावत वर आलीस. धावत. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला धरून किती वेळ नुसती उभी होतीस. मला वाटलं, आनंदानं बोलता येत नाही. मडक्याला बुडाशी भोक, भोकात वात, आत खडे, तिवईवर टाकीच्या वर ठेवलेलं. येता-जाता टाकीतलं पाणी तांब्यानं, म्हणजे स्टीलच्या तांब्यानं, मडक्यात ओतायचं. ते खड्यांमधून झिरपत, हवा घेत पुन्हा टाकीत. पंप मिळेपर्यंत म्हणून केलेलं ते मडकं पुढं कायमच राहिलं. तुझ्या आण्णांच्या शेतातल्या पाटात वर्षानुवर्षं पाण्याखाली असलेले खडे तू पिशवी भरून आणलेस, त्यांवर हवे ते जिवाणू असणार म्हणून.

आणि काही झालं नाही. रोज बाटली, रोज विटकरी. मी वैतागले. सगळं बरोबर करतोय, मग अडतंय कुठं? एकदा दुपारी मोरीत बघते तर बादलीला जांभळा डाग.

"हे काय?"

"परमँगनेट," तू सहज म्हणालीस. "खडे धुतले त्यात. मडक्यातले पण दर रविवारी धुते. जळवा-बिळवा असतील, बुरशी असेल. तुला काय ठाऊक पाटात काय काय असतं."

मी खाली बसले. "अगं बाई, आपण ज्यांना पोसतोय त्यांना तू दर रविवारी मारतेस!"

किती भांडलो आपण. तू म्हणालीस, जनावरांचं शास्त्र माझं. मी म्हटलं, पाण्याचं माझं. माई खालून ओरडल्या, "एक काहीतरी ठरवा, नाहीतर ते बिचारं घमेल्यातच म्हातारं होईल!" मग तू हसायला लागलीस, आणि हसता हसता दम लागून खाटेवर बसलीस. तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्या ओठांकडे नीट पाहिलं. शालन, मी रंगावरून ओळखणारी बाई आहे. तुझ्या ओठांचा रंग बरोबर नव्हता.

मग आठवायला लागलं. जिन्यात मध्येच थांबून चप्पल नीट करणं. सायकल असून ती हातात धरून चालत येणं. दोन उशा घेऊन झोपणं. मी विचारलं तर तू म्हणालीस, "लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, तवापासून जरा हाय असं." मिरजेला मी तुला ओढत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या तापानं हृदयाची झडप अरुंद झालीय, मुंबईला ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. येताना टांग्यात तू बाहेर बघत होतीस. पुलावर आल्यावर म्हणालीस, "आण्णांना सांगायचं न्हाई. शपथ हाय." मी शपथ घेतली नाही. तुला वाटलं, घेतली.

पुढचे महिने म्हणजे आपलं एकच भांडण. सहामाही होऊ दे, म्हणालीस. आण्णांचा ऊस तुटू दे. सुभेदार टाकीत जाऊ दे, मग बघू. टाकीसाठी तुला एक दिवस धीर नव्हता. नव्यानं आणलेले खडे न धुता घातल्यावर अमोनिया उतरायला लागला तसं तू लगेच म्हणालीस, "सोडूया त्याला." मी दुसरी चाचणी केली, नायट्राइटची. नळी गुलाबी झाली. "अजून नाही. अर्धंच झालंय." तू चिडलीस, "तुमच्या वाईचं सगळंच सावकाश." आणि स्वतःच्या छातीचा विषय निघाला की तुला जगातला सगळा वेळ होता.

आण्णा आले ते अशात. तुझ्यासाठी एक स्थळ घेऊन. पांढरा पटका, गुडघ्याखाली धोतर, वर फौजेतला कोट, आणि खरोखरच तशा गलमिशा. मला हसू आवरेना म्हणून मी चहा करायला उठले. ते घमेल्यासमोर उकिडवे बसले.

"हे काय पाळलंय गं? मासा का सरडा?"

"दोनीबी न्हाई, आण्णा."

"मग हाय तरी काय?"

तेवढ्यात खालून माईंची हाक, "शालन, सुभेदारानं आज खाल्लं का गं काही?"

आण्णांनी जिन्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "व्हय व्हय, सकाळीच भाकरी खाऊन निघालोय!"

तुझा चेहरा! तू उठून खिडकीशी गेलीस, खांदे हलत होते. आण्णांना कळलं, पण वेळ लागला. घमेल्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला. "असं व्हय," म्हणाले. आणि मग इतके हसले की माई वर बघायला आल्या. स्थळाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

तू त्यांच्यासाठी पान आणायला खाली गेलीस. परत येताना तुझी पावलं जिन्यात थांबली. आम्ही दोघंही ऐकत होतो. आण्णा हळू आवाजात म्हणाले, "आवं बाई, तिला दम लागतोय का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. आणि मिरजेचं सगळं सांगितलं.

जाताना आण्णांनी तुला मिरजेचं विचारलं, आणि त्यानंतर तू माझ्याशी बोललीच नाहीस. नुसतं चुगलखोर म्हणून थांबली असतीस तर मी भांडले तरी असते. तू माझं ताट वाढून ठेवायचीस आणि पाठ करून जेवायचीस. दिवसातून एकदाच तोंड उघडायचीस. मी कॉलेजातून आले की, माझ्याकडे न बघता, "रंग कसा आला?"

"फिका गुलाबी."

दुसऱ्या दिवशी, "रंग कसा आला?"

"अजून फिका."

त्या तीन शब्दांसाठी मी दिवसभर थांबायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी दोन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ राहिल्या, त्या दिवशी मी त्या रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले. तुझ्यासमोर धरल्या. तू किती वेळ बघत राहिलीस. मग घमेलं उचललंस. मी म्हटलं, "जड उचलू नकोस." तू म्हणालीस, "मग धर की एका बाजूनं." सुभेदार टाकीत गेला, तळाशी बसला, आणि थोड्या वेळानं त्याचे कल्ले पूर्ण उलगडले. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. माफ केलंस की नाही, ते मात्र बोलली नाहीस.

मुंबईला जायला तू तयार झालीस ती माझ्यामुळंच. आण्णा म्हणत होते, पोरीच्या मनाविरुद्ध नको. तुझी आई म्हणत होती, छाती उघडायची म्हणजे काय, त्यापेक्षा देवाचं करू. मी एकटी हटून बसले. डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तू शेवटी म्हणालीस, "बरं बाई, तू जिंकलीस." मिरज स्टेशनवर मी पोचवायला आले. माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, आणि सुभेदाराला कुणाकडं सोपवणार? गाडी हलताना तू खिडकीतून म्हणालीस, "मडक्यात पाणी घालायला विसरू नको. आणि चुगलखोर, आल्यावर भांडू."

तार कॉलेजच्या पत्त्यावर आली. ऑपरेशन नीट झालं म्हणे, आणि मग ताप आला, आणि तू उठलीच नाहीस. तुझं सगळं तिकडंच झालं. अस्थी गावी आल्या, असं शिपायानं कुणाकडून तरी ऐकून सांगितलं. मी आष्ट्याला आले नाही, शालन. एसटी स्टँडवर जाऊन परत फिरले. तुझ्या आईसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? ऑपरेशन केलं नसतं तर वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्तही, जिन्यात थांबत थांबत का होईना, तू असतीस. डॉक्टर म्हणाले होते, केलं नाही तर नक्की जाईल. मी ते दोन्ही रोज तोलून बघते. मी बरोबर होते का, हे सांगायला तूच हवीस, आणि तूच नाहीस.

त्या दिवसांत मी कॉलेजात जायचे, शिकवायचे, परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. टाकीकडं बघवत नव्हतं. माईंनी पाठवलेलं ताट झाकलेलं राहायचं. असे किती दिवस गेले, सांगता येत नाही. एकदा माई वर आल्या आणि म्हणाल्या, "विजया, ते वर येऊन तोंड उघडतंय बघ."

मी उठले. मडकं कोरडं ठणठणीत. खड्यांवर हात फिरवला तर पांढरी भुकटी. तळाशी न खाल्लेलं गांडूळ कुजलेलं, तेही मीच कधीतरी न बघता टाकलेलं. सुभेदाराचे कल्ले आखडलेले, शेपटी वळलेली. महिनोन्‌महिने पोसलेलं सगळं मेलं होतं. बाटली भरून कॉलेजात गेले. विटकरी. नळी उजेडात धरली आणि सवयीनं दाराकडं वळले.

मग घमेलं काढलं. रांजण भरला. हायपो टाकला. माईंनी न सांगता गोणपाट ओलं करून आणलं. टाकीतलं कुजकं काढलं, अर्धं पाणी बदललं, मडकं पुन्हा ओलं केलं. या वेळी नवसागर लागला नाही, घाण पुरेशी होती. सगळं पाठ होतं, हात आपोआप चालत होते. फक्त "असं नव्हं, तसं" म्हणणारं कुणी नव्हतं. भांडायला कुणी नसलं की काम किती लवकर उरकतं, हे मला माहीत नव्हतं.

परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर एक म्हातारा माणूस, डोकं भादरलेलं, ओठावर गालांवर काही नाही. मी ओळखलंच नाही. "बाई, मी," ते म्हणाले, आणि आवाजावरून कळलं. आण्णांच्या गलमिशा गेल्या होत्या. तोंड केवढंसं झालं होतं त्यांचं.

ते तुझी ट्रंक न्यायला आले होते. मी तुझे कपडे घड्या करून देत होते आणि ते ट्रंकेत ठेवत होते. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. तुझी निळी शाल मी हातात धरून थांबले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ती हितं." मग घमेल्याजवळ जाऊन बसले, पूर्वीसारखेच उकिडवे.

"ह्यो बाहीर का काढलाय?"

मी सांगितलं. पाणी कसं बिघडलं, का बिघडलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"मग काय लागंल?"

"पाटातले खडे. न धुतलेले."

"आणतो आयतवारी."

मला वाटलं, आता उठतील, ट्रंक खांद्यावर घेतील. ते म्हणाले, "बाई, दहाव्याला कावळा शिवंना."

मी शालीची घडी मोडून पुन्हा घातली.

"लय येळ बसलो नदीला. ऊन डोक्यावर आलं. शालनच्या आईनं काय काय कबूल केलं. मामानं केलं. भावकीतलं म्हणलं, पोरीचं लगीन ऱ्हायलं, त्यात जीव अडकला. म्या म्हणलं, न्हाई. माझी पोर तशी नव्हती. मग उठलो, फुडं झालो आन मोठ्यानं म्हणलं, शाले, ऑपरेशनचा दोस त्या वाईच्या बाईवर कुणी ठिवायचा न्हाई. मी ठिवू देणार न्हाई. तिनं तुला वाचवायला बघितलं, आमी नुसतं बघत बसलो हुतो." त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, काढलं. "तवा आला. लगीच."

शालन, मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. तूही ठेवत नव्हतीस, नागपंचमीला तू काय काय बोलायचीस ते मला आठवतं. पण मी माझ्या मनातलं आण्णांना कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि हेही मला तेव्हाच कळलं की गावात कुणीतरी ते बोललं असणार. माझं नाव घेऊन बोललं असणार. नाहीतर सगळ्या भावकीसमोर, नदीवर उभं राहून, ते त्यांना मोठ्यानं म्हणावं लागलं नसतं.

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. तार आल्यापासून पहिल्यांदा. आवाज करून, तोंडात पदर न कोंबता. आण्णा उठले नाहीत, उगी म्हणाले नाहीत. खालून माईंच्या पावलांचा आवाज जिन्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"रडा, बाई," ते म्हणाले. "तुमीबी तिच्या घरचंच मानूस."

ते संध्याकाळच्या एसटीनं गेले. त्यानंतर बराच वेळ मी दार लावलं नाही.